तीन झोपड्या आणि कोरडे मोजे

प्रेमाला भाषा लागत नाही, हे सत्य ऋचा पोतनीसने समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर स्वतः अनुभवलं. तीन दिवसांनी तिला कळलं, की लागते. आणि ती चांगली मोठ्याने बोलावी लागते.

चेन्नईच्या मैलापूरमधलं एक डोंगरभटक्यांचं मंडळ दर डिसेंबरात लोकांना कोडाईकनालच्या मागच्या डोंगरांत नेतं. दिवसभर चालायचं, संध्याकाळी पुढच्या झोपडीत पाठ टेकायची, सकाळी पुन्हा निघायचं. तीन रात्री, तीन झोपड्या. प्रत्येकीत एक खोली, एक चूल आणि झोपायला ओळीने टाकलेल्या फळ्या. यंदा दोनच कुटुंबं आली होती. बाकीच्यांना डिसेंबरातलं संगीतसभांमधलं गाणं, आणि गाण्याहून जास्त तिथल्या कँटीनमधला डोसा, सोडवला नव्हता.

पोतनिसांची ही निरोपाची सहल. विजयकुमार पोतनीस पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढून निवृत्त झाले होते आणि पुण्यात फ्लॅट तयार होता. ऋचाने शोळिंगनल्लूरच्या आपल्या कंपनीत पुण्याच्या बदलीचा अर्ज करायचा, एवढंच बाकी होतं. सोमवार शेवटचा दिवस, असं ती धरून होती. अर्ज भरलेला होता, फक्त बटण दाबायचं होतं. पण ऋचाचा जन्म चेन्नईतला. पुण्यातली तिला फक्त दुसऱ्यांची लग्नं माहीत होती, आणि बटण काही दाबलं जात नव्हतं.

पहिल्या झोपडीच्या दारात ती चिखलाने भरलेला बूट उपटत होती. तो निघाला, आणि थेट समोर वाकलेल्या एका तरुणाच्या पाठीवर जाऊन बसला.

"सॉरी... चुकून," ती तमिळमध्ये म्हणाली.

"परवाइल्ला, असू दे," तो पाठ चोळत म्हणाला. "अजून एक आहे ना पायात? की मी जरा बाजूला होऊ?"

त्याचं नाव विश्वेश राव. श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. सोबत वडील भीमसेन राव आणि आई सीतालक्ष्मी.

"राव म्हणजे तेलुगू," विजयकुमारांनी बायकोला मराठीत निकाल सांगितला. रेल्वेत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला राव ओळखता येतो.

"असू देत," विद्युलताबाई म्हणाल्या. "पण वडिलांनी मफलर किती गुंडाळलाय बघा. माणूस आहे की पार्सल?"

चेन्नईतल्या मराठी माणसाला ही एक चैन असते. बसमध्ये, बँकेत, शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये बसून शेजाऱ्यांबद्दल, खुशाल बोलावं. कुणाला कळत नाही. पोतनिसांना तर हळू बोलायची सवयच गेली होती.

राव कुटुंब क्षणभर स्तब्ध झालं. थंडी होतीच.

"आई, माझे सगळे मोजे भिजलेत गं," ऋचा कुरकुरली. "आता पाय गळून पडणार."

पाच मिनिटांत विश्वेशने तिच्यासमोर लोकरीचे मोजे धरले. कोरडे, नीट घडी घातलेले.

"तुला कसं कळलं?"

त्याने छपराकडे पाहिलं. "चेहऱ्यावरून."

"मोजे?"

"काही चेहऱ्यांवर दिसतात."

ऋचा हसली नाही. पण मोजे घालायला तिने जरा जास्तच वेळ घेतला.

दुसऱ्या दिवशी तर कमालच झाली. आल्याचा चहा सोसत नाही, हे ती आईजवळ बोलली, आणि तिचा पेला तेवढा बिनआल्याचा आला. दुसऱ्या झोपडीत चुलीचा धूर आपल्याच फळीवर येतो म्हणून ती आईजवळ वैतागली, तर विश्वेशने काही न बोलता आपली वळकटी धुरात नेली आणि खिडकीजवळची फळी तिच्यासाठी मोकळी केली. न सांगता कळणारा पुरुष... ऋचा विचारात पडली. तिने आजवर घरात, अठ्ठावीस वर्षं सांगूनही न कळणारा पुरुष पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी ओढा लागला. त्यावर आडवा टाकलेला एक ओंडका, खाली फेसाळतं पाणी, भोवती धुकं. सगळे पलीकडे गेले. ऋचा थांबली. भीती वाटते म्हणावं, तर आई ते सगळ्या डोंगराला ऐकवणार. ती गप्प उभी राहिली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत.

विश्वेश अर्ध्यातून परत आला. तिच्याकडे न बघता त्याने हात पुढे केला आणि बोलायला लागला. "आमच्या कंपनीची बस मैलापूरच्या लूझ कॉर्नरला पहाटे सव्वापाचला येते. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवतो. तिसरा स्टॉप आला की मी झोपतो..."

"आणि चौथा?"

"चौथा मी आजवर पाहिलेला नाही."

ओंडका संपला. पुढे बैलगाडी जाईल इतका सपाट रस्ता होता. तरी हात सोडायला दोघांना अर्धा फर्लांग लागला.

तिसऱ्या झोपडीत दुपारी स्वयंपाक चालला होता. विश्वेश पाठमोरा बसून चूल फुंकत होता, सीतालक्ष्मी भोपळा चिरत होत्या.

"सोमवारी बटण दाबतेयस ना?" विद्युलताबाईंनी विचारलं.

"नाही."

"का?"

"ते कारण तिथे चूल फुंकतंय."

विद्युलताबाईंनी कारणाकडे पाहिलं. "हा? अगं, बोलणार कुठल्या भाषेत? उद्या नातवंडं मला काय म्हणतील?"

"भाषा लागत नाही, आई. त्याला सगळं न सांगता कळतं."

फुंकणं थांबलं. भोपळ्यातली सुरी थांबली.

"अय्यो... मज आतां राहवेना," सीतालक्ष्मी म्हणाल्या. "आजीच म्हणतील तुम्हांस. अमच्यांतही आजीस आजीच म्हणतात. तंजावरास येऊन तीनशें वर्षें झालीं, तरी."

विजयकुमार आपल्या आयुष्यातली सगळी वाक्यं आठवत असावेत.

भीमसेन रावांनी मफलर सैल केला. "पार्सल म्हणालां, तें मज फार आवडलें. काल माझ्या घोरण्यास मालगाडी म्हणालां, तें रेल्वेच्या माणसाचं मत. मान अहे तो."

ऋचा बाहेर निघून गेली. विश्वेश मागोमाग आला. राख नाकाला, फुंकणी हातात.

"तीन दिवस," ती म्हणाली. मराठीतच. "तीन दिवस ऐकत होतास?"

"कान मिटतां येत नाहींत."

"सांगायचं ना मग."

"कधीं? पहिल्याच वाक्यांत अप्पा पार्सल झाले. तेव्हां सांगतों, तर तुझ्या आईस किती लाज. दुसऱ्या दिवशीं सांगतों, तर भांडण. अमच्या घरीं तीनशें वर्षें कोणी मराठी बंद केली नव्हती. तीन दिवस अम्ही तमिळांत बोललों. अम्मास तर भोपळा सुद्धां तमिळांत मागावा लागला. पावम, बिचारी."

ऋचाला हसू येत होतं, आणि तिला ते येऊ द्यायचं नव्हतं. "म्हणजे मोजे..."

"तूं मागितलेस. मोठ्यानं."

"आणि चहा, आणि खिडकी. मला वाटलं होतं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. गाढवपणा."

धुकं दोघांच्या मधून सावकाश गेलं. विश्वेशने फुंकणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ओंडक्याच्या अलीकडे," तो म्हणाला, "तूं काय बोललीस?"

ऋचाने आठवून पाहिलं. "काहीच नाही."

"कोणत्या भाषेंत?"

तिने हात पुढे करून त्याच्या नाकावरची राख पुसली. थोडी गालावर लागली. तीही पुसली. गालावर राख राहिली नव्हती, तरी आणखी एकदा पुसली.

"तूं जाऊं नको," विश्वेश म्हणाला. "मज तूं फार आवडतेस. हें नीट बोललों का? घराबाहेर मी ही भाषा कधीं वापरली नाहीं."

"जरा जुनं वाटलं," ऋचा म्हणाली. "पण चालेल. चाललंच आहे की..."

आतून विद्युलताबाई सीतालक्ष्मींना मराठीत विचारत होत्या, की भोपळ्यात गूळ किती घालता. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, फक्त शब्द जपून निवडलेले होते.

सोमवारी शोळिंगनल्लूरच्या नवव्या मजल्यावर, लोकरीचे मोजे घातलेली ऋचा एचआरच्या टेबलासमोर उभी राहिली. एकतीस अंश तापमानात तिने शांतपणे, एकेक शब्द तोलून सांगितलं, की पुष्कळ विचाराअंती, आयुष्याचा प्रश्न म्हणून, ती पुण्याला जाण्याची संधी सोडत आहे.

एचआरच्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं. अर्जांची मुदत शुक्रवारीच संपली होती.