उतरा, उस्ताद

दार लोटून घ्या आधी. आणि तू रे, मोबाइल खिशात टाक, नाहीतर सरळ घरी जा. ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर बेतली तो माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस.

गॅरेजवाला. त्याला सगळे सायलेन्सर म्हणायचे, कारण त्याच्या तोंडाला तो बसवायचाच राहून गेला होता. त्याचा उस्ताद मात्र नेमका उलटा, एक पाय ओढत चालायचा आणि दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. गाडी तपासताना उस्ताद बॉनेटखाली आणि सायलेन्सर चावीवर. पान्याने बॉनेटवर एकदा 'टक्' झालं की चावी मारायची. दोनदा झालं की ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडायचा. आणि उस्तादचा एक नेम होता. दोष सापडल्याशिवाय गाडी विकायची नाही. आपोआप बरी झालेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणजे हरामखोरी, असं म्हणायचा.

एका रात्री उस्तादच्याच छातीत कळ आली. सायलेन्सरने त्याला त्याच्याच जुन्या पांढऱ्या गाडीत मागे निजवलं आणि निघाला. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यासमोर गाडी बंद. चावी मारली की चालू व्हायची, क्षणभर चालायची, की पुन्हा बंद. मागून उस्ताद म्हणाला, "मला उतरू दे. मी बघतो."

"तुम्ही पडून राहा हो. मी आहे ना!"

तीनदा म्हणाला तो, उतरू दे. चौथ्यांदा म्हणाला नाही. नंतर गाडी एका चावीत चालू झाली, पण आता घाई कसली? आपण त्याला उतरू दिलं नाही, हे सायलेन्सरच्या मनाला जे लागलं ते लागलंच. वर्षभर त्याने ते इंजिन खोललं, जोडलं, पुन्हा खोललं. दोष सापडला नाही. गाडीही पुन्हा कधी बंद पडली नाही. मग विकणार कशी? राहिली दारातच.

आता ऐका. अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्रीचा एक वाजून दहा मिनिटं. सायलेन्सरची बायको माहेरी गेलेली, घरात तो आणि नऊ वर्षांची पोर. पोरीला दमा. नेहमीसारखी धाप लागली म्हणून त्याने पंप दिला, तर पंप रिकामा. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, पाऊण तास लागेल. गॅरेजातल्या दुसऱ्या गाडीचं इंजिन खाली उतरवलेलं. राहिली ती पांढरी. पोरीला मागे उशीला टेकवून बसवलं आणि निघाला. दवाखाना सात किलोमीटर. काम साधं होतं.

बर्फाच्या कारखान्यासमोर गाडी बंद.

"काही नाही गं बाळा, नाटकं करतेय ती. आत्ता निघू."

चावी मारली. चालू. सहा सेकंद... बंद. खाली उतरला. पाइप काढून पाहिला, पेट्रोल येतंय. प्लग काढून पाहिला, ठिणगी पडतेय. फिल्टर काढून फेकला, चोक ओढला. चालू. चार सेकंद... बंद. बॉनेटपासून चावीपर्यंत धावतोय, चावीपासून बॉनेटपर्यंत धावतोय. हे काम दोघांचं. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने इंजिन चालू असताना खाली कान लावायचा. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फोन केलेले दोघं झोपेतून उठलेच नाहीत.

मागे पोरीच्या छातीतून शिट्टी वाजत होती. ती ऐकू येत होती तोवर त्याला धीर होता.

बॅटरी उतरायला लागली. चावी मारली की नुसतं कण्हणं.

आणि शिट्टी थांबली.

"बाळा?"

...

"ए बाळा... बोल ना गं..."

पोरीचे ओठ निळे. डोळे उघडे, त्याच्याकडे लागलेले. बोलायला श्वासच नाही. सायलेन्सर चावीला लटकून ढसाढसा रडला. लाज सोडून रडला. आणि ओरडला. कुणाला, ते त्यालाही तेव्हा कळलं नाही.

"उतरा, उस्ताद! चुकलो मी! आता तरी उतरा!"

शांत.

मग मागचं दार उघडलं.

पोर तशीच. हात मांडीवर. जागची हललेली नाही.

दार लागलं. हळूच, जुन्या दाराला जपून लावतात तसं.

पावलं. एक पाय ओढत... डाव्या बाजूने... पुढे. वर केलेल्या बॉनेटमुळे समोरचं काही दिसेना. त्याने मान वाकवली नाही. हिंमतच नव्हती.

थांबली.

...

टक्.

त्याने चावी मारली. इंजिन धरलं. सहा सेकंद. दहा. वीस. धडधडत राहिलं.

टक् टक्.

त्याने पाय सोडला. इंजिन बंद पडलं नाही.

बॉनेट आपोआप खाली आलं. समोर दिव्यांचा उजेड, मोकळा रस्ता.

पोर वाचली. तोंडाला मास्क लावला, तासाभराने ओठांवर रंग आला. डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं झाली असती तर सांगता आलं नसतं.

उजाडल्यावर सायलेन्सरने मला फोन केला. आवाजच फुटत नव्हता त्याचा, म्हणून धावत गेलो. दवाखान्याच्या आवारात दोघांनी मिळून बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या मागे, हात पोचत नाही अशा सांदीत, एक रबरी नळी होती. तिला केसाएवढी चीर. एरवी मिटलेली, पण इंजिन चालू असताना कधी फाकली की नको तिथून हवा ओढणार आणि गाडी बंद. वर्षभर न सापडलेला दोष तो हाच.

चीर बांधलेली होती. कापडाच्या पट्टीने, तीन वेढे देऊन, गच्च गाठ मारून.

सायलेन्सर खाली बसला. मी सांदीत टॉर्च मारून पुन्हा पाहिलं. निळ्या चौकड्यांचं कापड, एका कडेला शिवण उसवलेली.

उस्ताद गेला त्या रात्री त्याच्या अंगात तोच शर्ट होता. तो काढायला सायलेन्सरने कुणाला हात लावू दिला नाही. त्या शर्टासकट आम्ही त्याला पोचवला... मी होतो तिथे, शेवटपर्यंत.