जादा शब्द

"‘आधी पंप रिव्हर्स बॅक फिरवा, मग कृती रिपीट अगेन करा…’ हा लिहिणारा घरी परत पुन्हा जेवतो का हो?"

चहाच्या मशीनपाशी ती हे इंग्रजी माहितीपत्रक कँटीनवाल्या मावशींना वाचून दाखवत होती.

"वाढलं तर जेवतो," मागून आवाज आला.

ती वळली. हातात कप, कानाच्या पाळ्या लालबुंद… लिहिणारा तोच. वर्कशॉपमधून नुकताच लेखन विभागात आलेला. ती तिथली तपासनीस. जादा शब्द असे छाटायची की सगळे तिला ‘कात्री’ म्हणत. अर्थात तोंडावर नाही.

मग तो रोज कागद घेऊन येऊ लागला. खुर्ची ओढून ऐसपैस बसायचा.

"‘फ्री गिफ्ट’मधलं फ्री का काढलंत?"

"भेटवस्तूचे पैसे घेता की काय तुम्ही?"

"माणूस बघून ठरवतो."

ती मान वर करायची नाही. पेन्सिल मात्र जरा रेंगाळायची.

चुका काही कमी होईनात. शेवटी साहेब तिला म्हणाले, "याचं इंग्रजी सुधारायचं नाव घेत नाही. सोमवारपासून परत वर्कशॉपला धाडतो. तुमचं काय म्हणणं?"

वर्कशॉप शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. "कागद बघून सांगते," ती म्हणाली. जागेवर येऊन तिने त्याचे जुने कागद उपसले. बहिणीच्या बाळंतपणासाठी ती रजेवर होती, त्या दिवसांतले कागद लख्ख होते. एक शब्द फालतू नाही.

तिने त्याला बोलावून घेतलं. "मी नसले की बरं येतं तुम्हाला इंग्रजी?"

तो टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. "चुका नसत्या तर… इथे यायला निमित्त काय सांगणार होतो?"

"आणि इथली जागा गेली असती म्हणजे? अक्कल कुठे गहाण टाकली होती?"

"तेवढा विचारच नाही केला. तुम्ही मला खूप… म्हणजे अगदी… मनापासून, आतून, फार आवडता—" त्याची नजर तिच्या पेन्सिलीवर गेली. "छाटा हवं तर."

"साहेबांना मी हे रजेतले कागद दाखवते. कुठे जायचं नाही सोमवारी."

तिने पेन्सिल ड्रॉवरमध्ये टाकली, ड्रॉवर लावून घेतला. मान या वेळी वर होती.

"आणि ते मघाचं… सगळंच्या सगळं… परत पुन्हा म्हण."