खिडकीखालचा भोंगा

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये बाबांच्या गाडीनं नागपूरच्या धंतोलीत माझी पार शोभा केली. शेजाऱ्यांची स्कूटर चोरीला गेली म्हणून बाबांनी गाडीला अलार्म बसवून घेतला, आणि तेव्हापासून ती चोर सोडून सगळ्यांवर ओरडत होती. ट्रक गेला — ओरडली. मांजर टपावर बसली — ओरडली. त्यात ड्रायव्हरकडच्या दाराचं कुलूप चारदा आपटल्याशिवाय लागत नसे. दोन मेकॅनिकांनी अलार्म खोलून पाहिला, तरी रोग जागच्या जागी.

मी तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर, रोज बाबांची गाडी घेऊनच जायची. मोतीबिंदूच्या पेशंटना रोज बजावायची, हलू नका, दचकू नका... आणि खाली अंगणात माझीच गाडी बोंबलायची.

एका दुपारी ती अशीच सुरू झाली. मी धावत खाली आले, दार आपटलं, पुन्हा आपटलं. तेवढ्यात एक उंच माणूस जिना उतरून आला. त्यानं मला बॉनेट उघडायला लावलं आणि एक वायर उपसली. एकदम शांतता.

"माय वर टाके घालून पडली आहे," तो म्हणाला. "दचकून उठून बसली. डोळा गेला तर मी काय करू?"

मी वर पळाले. त्याच्या आईची, भागीरथाबाईंची, पट्टी सोडून डोळा पाहिला. टाके शाबूत होते. मी माफी मागितली, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली. वसंत त्याचं नाव. उमरेडच्या कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊनच गाडीपाशी आला. माय अजून पाच दिवस इथंच आहे, म्हणाला, आणि तुमच्या गाडीवर माझा भरवसा नाही. मग मी पेशंटना विचारते तसं तो मला विचारू लागला. कधीपासून ओरडते, कुठलं दार लावल्यावर, उन्हात की सावलीत. मी वैतागून उत्तरं देत होते.

"दार आपटू नका."

"आपटल्याशिवाय लागत नाही."

"म्हणून तर आपटू नका."

त्यानं दार दोन्ही हातांनी धरून वर उचललं. ते बोटभर वर सरकलं, आणि तो पहिल्यांदाच हसला. अलार्म चांगलाच होता. बिजागरी झिजून दार खाली लटकलं होतं. त्यामुळे कुलूप जागेवर बसत नव्हतं, चौकटीतलं बटण पुरतं दाबलं जात नव्हतं, आणि जरा हादरा बसला की बिचाऱ्या अलार्मला दार उघडल्यासारखं वाटत होतं.

बिजागरीची नवी पिन मिळायला दोन दिवस गेले. ती बसवताना मी टॉर्च धरून उभी होते. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब... मनगटावर काळं ग्रीस...

"मॅडम, उजेड बिजागरीवर पाहिजे," तो मान वर न करता म्हणाला. माझे कान तापले.

चौथ्या दिवशी दार अलगद लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. उलट अशी चिडचिड झाली, की दवाखान्यात सगळ्यांनी मला टाळलं.

भागीरथाबाईंना घरी सोडायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला आणि बिजागरीला तेल कधी घालायचं ते सांगू लागला. माझा संयम सुटला.

"पाच दिवस तुम्ही मला बटणं आणि बिजागऱ्याच सांगताय. दुसरं काही सांगायचंच नाही का?"

तो मग हळूच म्हणाला, "आहे ना. पण तुम्ही डॉक्टर, मी खाणीतला माणूस. जात बी वेगळी. तुमच्या बाबाले काय सांगाल?"

"ते माझं मी बघीन. तुम्ही सांगा."

"मले तुम्ही आवडल्या. तुमच्यावर राग काढून वर गेलो न... तेव्हापासून तुमचाच विचार करून राहिलो."

"मीही," मी म्हटलं.

बाकावर डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसलेल्या भागीरथाबाई म्हणाल्या, "सांगितलं का गा शेवटी? मले वाटलं, मले दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करून घ्यावं लागते."

त्याच संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत. वसंत दर रविवारी यायचा, बाबा पेपर तोंडापुढे धरून बसायचे, आणि तो माझ्या आईच्या हातचा चहा घेऊन परत जायचा.

मग एका रविवारी सकाळी बाबांनी पेपर खाली ठेवला.

"उमरेडची बस किती वाजता येते?"

"साडेनऊला," मी म्हटलं.

"मग आईला सांग, आज तो जेवायला थांबेल."