सातव्या नमुन्याची जिभिका

प्रत्येक नमुन्यासमोर दोनच मिनिटं मिळत. टेबलांवर आकडे घातलेली रोपं, आणि घंटा झाली की पुढे सरकायचं. वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा एवढी यंत्रं आली तरी तशीच राहिली होती. फरक इतकाच, की उत्तरं तपासायला छताला पर्णनेत्र बसवलेलं होतं. कॅमेऱ्यातून पान बघून वनस्पतीचं नाव सांगणारं हे यंत्र बारा वर्षांत कधी चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सातव्या नमुन्याला एकोणचाळीस जणांनी 'भात' लिहिलं. रेवा धुरीने लिहिलं, 'भात नव्हे, जंगली सावा.' म्हणजे भातात उगवणारं तण. पर्णनेत्राने तिला शून्य दिलं आणि नेमक्या दोन गुणांनी ती नापास झाली. वर्ष गेलं.

"सर, एकदा भिंगातून बघा ना," ती बाहेरून आलेल्या परीक्षकांना, प्रा. बिराजदारांना म्हणाली. आवाज रडवेला होता.

बिराजदार तिचं मन राखायला म्हणून वाकले. भाताचं पान खोडाला मिळतं तिथे आतल्या बाजूला पांढरा, पातळ पडदा असतो. त्याला जिभिका म्हणतात. इथे ती नव्हतीच. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"शेवडे मॅडम, हा नमुना कुठला?" त्यांनी वर्गाच्या शिक्षिकेला विचारलं.

"सकाळी मीच समोरच्या शेतातून आणला. पर्णनेत्राने भात म्हटलं, आणि मी भिंग काढलंच नाही." एकवीस वर्षं 'भिंग वापरा' म्हणून मुलांच्या कानीकपाळी ओरडणाऱ्या बाईंना हे सांगताना लाज वाटली. "इथल्या भाताचं उत्पन्न तीन वर्षं का घटतंय, ते आता कळलं."

"मला नाही कळलं," बिराजदार म्हणाले.

"शेतातली निंदणीयंत्रंही पर्णनेत्राच्याच डोळ्यांनी बघतात. भातासारखं दिसत नाही ते उपटतात. मग उरतं काय? थोडंफार भातासारखं दिसणारं तण. त्याचंच बी पडतं. बारा वर्षं, वर्षाला दोन पिकं. साव्याने भाताचं सोंग छान वठवलंय. जिभिका तेवढी कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून ती आणायची त्याला गरज पडली नाही."

"हाताने निंदतानाही हेच होत होतं की."

"हातातून पुष्कळ निसटायचं, सर. म्हणून सोंगाला शेकडो वर्षं लागायची. यंत्र काही सोडत नाही."

बिराजदारांनी खुशीत पर्णनेत्राच्या दुरुस्तीच्या बटणाकडे हात नेला. "हिचं उत्तर बरोबर धरतो. गुण मिळतील, आणि पर्णनेत्रही शिकेल. उद्यापासून सगळी निंदणीयंत्रं पान उलगडून जिभिका तपासतील."

रेवाला हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही. "सर, मग साव्याच्या ज्या रोपाला जरासा पडदा फुटलेला असेल, तेवढंच उरेल ना?"

बिराजदारांचा हात थांबला.

"आणखी बारा वर्षांनी भिंगातूनही ओळखू येणार नाही," ती म्हणाली.

"गुण तेवढे वेगळे देता येतील?" शेवडेबाईंनी विचारलं. बिराजदारांनी नकारार्थी मान हलवली. गुण बदलले की यंत्र शिकणार. दोन्हीला बटण एकच होतं.

रेवाला फार वाईट वाटलं. डोळे पुसून तीच म्हणाली, "राहू द्या, सर."

पुढच्या वर्षी ती पुन्हा त्याच टेबलापाशी उभी राहिली. शेवडेबाईंनी सातवा नमुना मुद्दाम तोच ठेवला होता. रेवाने पान उलगडून भिंगाने पाहिलं. जिभिका नव्हती. तिने स्वच्छ अक्षरात 'भात' लिहिलं आणि पुढे सरकली.

सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. पर्णनेत्राने सगळ्यांना पूर्ण गुण दिले. वर्षभर जिभिका शिकवूनही, कुणाला ती खरंच कळली आहे हे त्या कागदांवरून शेवडेबाईंना सांगता येईना. त्यांनी कागद बाजूला ठेवले, भिंगांचा डबा उचलला आणि वर्ग समोरच्या शेतावर नेला.

"आता परीक्षा," त्या म्हणाल्या. "उपटा."

रेवा सगळ्यांच्या आधी चिखलात उतरली. शेजारच्या ओळीतून निंदणीयंत्र साव्याच्या एकेका रोपाला धक्का न लावता, जपून पुढे गेलं. त्याच्या मागोमाग ती वाकून ती रोपं काढत राहिली.