हिरव्या इंजिनाची तपासणी

“हे घेऊ नका!”

टेबलापलीकडच्या चष्मेवाल्याने वीतभर लांबीचं हिरवं इंजिन खाली ठेवलं, आणि तिचा चेहरा पडला. मॉडेल रेल्वेच्या या बाजारात जुनं इंजिन घ्यायचं की नाही, हे सांगायला आयोजक एक जाणकार बसवत; आज हा होता. त्याला नियम एकच — त्या दिवशी स्वतः काही विकत घ्यायचं नाही. उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी खुशाल न्यावं.

तिला हे इंजिन बाबांसाठी हवं होतं. त्यांचं अगदी असंच इंजिन पडून फुटलं, तेव्हापासून माडीवरच्या रुळांवर चादर होती आणि बाबा दिवसभर टीव्हीसमोर. बाजारात या जातीचं हे एकच होतं.

“का नको?”

“सांगाड्याला तडा गेलाय. जुना धातू… वर्षभरात भुगा होईल.”

तिने पर्समधून दांडीचा इवलासा आरसा काढला आणि इंजिनाच्या पोटाखाली धरला.

“ही रंगाची रेघ आहे. दिवसाला वीस दाढा बघते मी, तडा कशाला म्हणतात ते मला नका शिकवू. मोटर?”

“वास घेतला… जळलेली नाही.” तो कानापर्यंत लाल झाला. “मोटरला वीज पोचवणारे आतले कार्बन तेवढे झिजलेत. आता मिळत नाहीत ते.”

“मग घेऊ नका का म्हणालात?”

त्याने चष्मा काढला. मग एकदम म्हणाला, “मलाच हवं होतं. सात वर्षं शोधतोय.”

अस्सा राग आला तिला! आयोजकांच्या कानावर नुसतं घातलं असतं, तरी याची खुर्ची गेली असती. पण गडी नजर न चुकवता बसला होता… आणि डोळे, मेले, फारच प्रामाणिक होते.

“माझ्याकडे कार्बनची शेवटची जोडी आहे,” तो म्हणाला. “रविवारी येऊन बसवून देऊ?”

रविवारी तो आला. रुळांवरची चादर निघाली, इंजिन घरघरत वळणावरून गेलं आणि बाबा चक्क जमिनीवर पालथे पडून बघत राहिले. तिला रडू आलं, हसूही आलं. जाताना तो दारात उगाचच रेंगाळला. पण काम झालं होतं, पुन्हा यायला निमित्त उरलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी तिनेच फोन केला. “इंजिन बंद पडलंय. लवकर या!”

शर्टाची बटणं वरखाली लावून तो धावत आला. बाबा चहा ठेवायला खाली गेले. त्याने इंजिन उघडलं, आत डोकावून पाहिलं… आणि बराच वेळ मान वर केली नाही.

“तार सुटलीये. पण ही आपोआप सुटत नाही. कोणीतरी स्क्रू काढून, तार सोडवून, स्क्रू परत बसवलाय. फार सफाईदार हात आहे.”

तिला कुठे तोंड लपवू असं झालं.

“म्हणजे… इंजिनाबद्दल तुम्हीही खोटं बोललात?”

“झाली फिट्टंफाट,” ती कशीबशी म्हणाली. “तुम्हाला इंजिन हवं होतं. मला… तुम्ही.”

त्याच्या हातातला स्क्रू टणकन पडला आणि कुठे गेला, ते दोघांनीही पाहिलं नाही.

“अगं, झालं का दुरुस्त?” खालून बाबांची हाक आली.

“नाही!” दोघं एकदमच ओरडली. “वेळ लागेल!”