आतून न उघडणारं दार

आण तो फोन इकडे. चष्मा कुठे ठेवला मी... हां, सापडला. ही पहिली गाडी का? ही बसकी आहे रे. तू सरळ उभा राहिलास की टाळू छताला टेकेल. आयुष्यभर वाकून चहा करायचाय का तुम्हाला? दुसरी बरी दिसते, पण विकणाऱ्यानं खालच्या बाजूचा एकही फोटो दिलेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ही तिसरी... पांढरी. उंच. खिडकी एकही नाही.

हिचं मागचं दार आतून उघडतं का?

बघितलं नाहीत. वाटलंच मला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तुम्हाला ते चाकांवर हवंय, माझी काही हरकत नाही. महिनाभर दोघं मिळून पडद्यांचे रंग ठरवताय. पण दार आतून उघडतं का, हे एकानंही बघितलं नाही! हसू नकोस पोरी, मी थट्टा करत नाहीये. माल वाहायच्या पुष्कळ गाड्यांना मागच्या दाराला आतून हँडलच नसतं. खोकी काही दार उघडून बाहेर येत नाहीत ना.

बसा इथे. गच्चीचा दिवा राहू दे बंद, किडे येतात. माझ्या एका मित्राचं झालेलं सांगतो. तुझ्या मामाला थापा मारायची सवय आहे, हे मला ठाऊक आहे. ही थाप नाही.

आम्ही त्याला टेपमास्तर म्हणायचो. शिंपी होता. टेप कायम गळ्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. समोर माणूस आला की आधी खांदे बघणार, मग तोंड. दुकानात कापायचं आणि मशीनवर बसायचं काम त्याचं. काजं, बटणं, हातशिलाई सगळी वहिनींकडे. मागच्या खोलीत, एका बल्बखाली, लग्न झाल्यापासून. कुठे फिरायला जायचा विषय निघाला की मास्तर म्हणायचा, "एवढा सीझन जाऊ दे." सीझन काही संपला नाही. वहिनींचे डोळे संपायला आले.

कडेनं अंधार येत चालला होता त्यांना. रात्री तर जवळजवळ दिसायचंच नाही. डॉक्टर म्हणाले, मधलं जे दिसतंय तेही वर्षभरात जाईल, उपाय नाही. शिवणकामाचा दोष नाही, असंही म्हणाले. मास्तरला ते पटलं नाही. त्या संध्याकाळी तो इथेच, तू बसलीस तिथे बसला होता. लहान पोरासारखा रडला. म्हणाला, "हिनं समुद्र बघितलेला नाही रे. माझी काजं करत बसली." मग टेपच्या टोकानंच डोळे पुसले. "एक गाडी घेतो. आत पलंग ठोकतो, गाद्या मी शिवीन. दिसतंय तोवर जेवढं दाखवता येईल तेवढं दाखवतो."

माझी हयात स्टिअरिंगमागे गेली, म्हणून त्यानं मला विचारलं, गाडी बघताना काय बघू? मी म्हटलं, तीन गोष्टी कर. आत उभा राहा. आत आडवा पड. आणि पत्रा वाजवून बघ. बोटाच्या पेरानं टकटक करत जायचं. चांगला पत्रा खणखणीत बोलतो. जिथे गंजलाय आणि वर पुट्टी थापलीय, तिथे मेलेला आवाज येतो.

एक कपडे धुण्याचा कारखाना बंद पडला होता. त्याच्या तीन गाड्या विकायच्या होत्या. तो नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. रविवारी सकाळी एक व्यापारी येऊन तिन्ही उचलणार, असं मास्तरला कळलं. म्हणून दुकान बंद करून तो वहिनींना घेऊन निघाला. मी लांबच्या ट्रिपवर होतो. पोचायला त्यांना रात्रीचे साडेनऊ झाले.

मोठं आवार. फाटकाजवळ वॉचमनची केबिन, तिच्यावर एक दिवा. तिन्ही गाड्या पार मागच्या भिंतीला. वॉचमननं किल्ल्या दिल्या आणि केबिनच्या कोपऱ्यातून एक वीट काढून मास्तरच्या हातात ठेवली.

"ही मागच्या दाराला लावा. लावल्याशिवाय आत जाऊ नका."

"का हो?"

"आतून उघडत नाही."

"मग एखादं हँडल बसवून घ्यायचं ना," मास्तर म्हणाला.

"आता बसवून काय करायचं," वॉचमन म्हणाला, आणि आत जाऊन रेडिओ मोठा केला.

पहिली गाडी बसकी निघाली. दुसरीत रबराची चटई उचलली तर खालची माती दिसली, एवढा गंज. तिसरी मात्र नवरीसारखी. स्वच्छ. ड्रायव्हरच्या मागे पत्र्याची भिंत, बाकी नुसती खोली. साबणाचा वास अजून होता. वीट दाराला लावून मास्तर आत उभा राहिला. डोकं लागलं नाही. आनंदानं तो बोलतच सुटला. "इथे तुझी उशी. इथे खिडकी कापू. सकाळी डोळे उघडलेस की समोर समुद्र."

वहिनी खाली उभ्या होत्या, एका हातात मास्तरचा फोन, त्याची बॅटरी लावलेली. दुसरा हात गाडीवर टेकलेला. म्हणाल्या, "आधी पत्रा वाजवा. भावोजींनी सांगितलंय ना?"

मास्तर खाली उतरला. टक, टक, टक. खणखणीत. तो पुढे पुढे गेला. वहिनी कान देऊन मागून चालल्या. डोळे जात चालले तसे कान तिखट झाले होते त्यांचे.

"थांबा," त्या म्हणाल्या. "इथे परत वाजवा."

टक, टक.

"आतून कोण वाजवतंय?"

"रिकामी गाडी आहे, आवाज घुमतो," मास्तर म्हणाला. तरी जाऊन त्यानं आत बघितलं. कोणी नव्हतं. पत्रा थंडीनं आकसतो, तसा वाजतो, असं त्यानं त्यांना सांगितलं. स्वतःलाही सांगितलं.

राहिलं होतं आडवं पडून बघणं. तो आत जाऊन आडवा झाला, पाय लांब केले, टेप पसरली. "पुरतंय गं! आडवं झोपलं तरी पुरतंय!"

वहिनी ऐकायला एक पाऊल पुढे आल्या. पाय विटेला लागला, की आणखी काही झालं, ते त्यांना अजूनही सांगता येत नाही. हातातला फोन पडला. उजेड गेला. आणि दार लागलं.

वारा नव्हता हं त्या रात्री.

मास्तर उठला. चाचपडत दारापाशी आला. सगळीकडे गुळगुळीत पत्रा. धरायला काही नाही. "दार उघड!" तो ओरडला. बाहेरून वहिनींचा आवाज आला, पण लांबून, विहिरीतून यावा तसा. "कुठंय दार? मला दिसत नाही हो... कुठंय?" त्यांचा हात पत्र्यावरून घासत निघाला. दारापासून लांब. उलट्या बाजूला.

"अगं, इकडे! मागे!"

हात लांबच गेला. मग ऐकू येईना.

मास्तर गप्प झाला. श्वास लागला होता त्याला. तो थांबवावा म्हणून त्यानं तोंड मिटलं.

श्वास थांबला नाही.

म्हणजे... त्याचा थांबला. दुसरा चालू राहिला. खाली. पायांपाशी.

मास्तरनं दोन्ही हात छातीशी घेतले. घट्ट.

आणि ठोकणं सुरू झालं.

टक.

...टक.

हळू. थकलेलं. दाराच्या खालच्या बाजूला. मास्तरचे हात छातीशी होते, हे त्यानं मला किती वेळा सांगितलं असेल.

टक.

मग बाहेर पावलं. जवळ आली. हात पत्र्यावरून सरकत सरकत आला... थांबला... हँडलवर पडला.

दार उघडलं.

मास्तर बाहेर पडला तो थेट जमिनीवर बसला. वहिनींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "बरं झालं वाजवत राहिलात. त्या आवाजाच्या मागे आले, म्हणून दार सापडलं."

मास्तरनं त्यांचा हात घट्ट धरला.

"पण एवढं खालून का वाजवत होतात? पडला होतात का?"

...

केबिनपाशी वॉचमननं विचारलं, घेताय का? मास्तर नाही म्हणणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तिसरी घेतो आम्ही." मास्तरनं हात ओढला त्यांचा. त्या म्हणाल्या, "उंच आहे, पत्रा चांगला आहे. आणि दुसरी शोधेपर्यंत मला वेळ नाही." आता ह्यावर नवऱ्यानं काय बोलावं? कुठल्या तोंडानं सांगावं? त्यानं गाडी घेतली. मला मात्र सगळं सांगितलं, वहिनींना अजूनपर्यंत नाही. आत कोण होतं, काय झालं होतं, कोणालाच कळलं नाही. पुन्हा चौकशीला गेलो तेव्हा वॉचमनही नोकरी सोडून गेला होता.

हो, बघितला समुद्र. डोळे जायच्या आधी बघितला. परत आल्यावर मला म्हणाल्या, "भावोजी, केवढा हो तो! टाके घालत बसलं तर जन्मात काठ यायचा नाही." आता काही दिसत नाही त्यांना. पण तेवढं दिसतं म्हणतात.

ठोकणं? नाही, परत कधीच नाही. तेच तर सांगायचंय तुम्हाला.

गाडी घरी आली त्या दिवशी, पलंग नाही, खिडकी नाही, आधी आतलं हँडल बसवलं. मी बसवलं, ह्या हातांनी. त्या दाराची कळ खालच्या बाजूला होती, म्हणून हँडलही गुडघ्याच्या उंचीवर आलं. नवं कोरं, पितळेचं, वर चकचकीत पांढरा मुलामा. मास्तरनं गाडीला कुलूप लावलं, किल्ली उशाखाली घेऊन झोपला.

सकाळी मला बोलवायला आला. जाऊन बघतो तर मागचं दार सताड उघडं. कुलूप फोडलेलं नाही, ओरखडा नाही. आतून उघडलेलं. आणि ते हँडल... वरून कालच्यासारखंच चकचकीत. खालच्या अंगानं मुलामा पार गेलेला. पितळ उघडं पडलेलं, वर्षानुवर्षं हात लागून झिजावं तसं.

मी आत गेलो. मास्तर नको नको म्हणत होता. दारापाशी, खाली, जमिनीवर उताणा पडलो. आणि हात वर केला.

मुलामा गेला होता, बरोबर तिथेच पोचला.