आवाज स्पीकरवर चालू ठेवायचा?

"तो दातांचा डॉक्टर अजून वाट बघतोय. हो की नाही ते एकदाचं सांग. आणि निळ्या ड्रेसमधला फोटो पाठवू नकोस, त्यात तू आजारी दिसतेस."

आईचा हा निरोप माझ्या एकटीच्या कानांसाठी होता. पण ऐन वेळी हेडफोनची बॅटरी संपली, आवाजाने टुणकन लॅपटॉपच्या स्पीकरवर उडी मारली आणि अख्ख्या वाचनालयाने तो ऐकला. ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

समोरच्या खुर्चीतला तरुण मात्र हसला नाही. उलट त्याचाच चेहरा पडला होता.

"सॉरी," तो हळूच म्हणाला. "चूक माझी आहे."

"तुमची कशी? आई माझी आहे."

"आई तुमचीच. पण आवाज असा उडी मारतो ना... ते मी लिहिलंय."

मग कळलं ते असं. माझ्या लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर मुक्त होतं, म्हणजे कुणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं. त्यातला आवाज कुठून कुठे जायचा हे ठरवणारा भाग हा आणि याच्यासारखे काही लोक हौसेने सांभाळत. हेडफोन गेले तर स्पीकर, हे त्यांनी आधीपासून ठरवून ठेवलेलं. मला न विचारता. मी तिथल्या तिथे त्याला झापलं. खात्री नसेल तर गप्प बसावं, एवढी साधी रीत त्या यंत्राला शिकवता येत नाही का, असंही विचारलं.

"मुद्दा बरोबर आहे," तो म्हणाला. आणि इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

मी पुस्तकांची मुद्रितं तपासते, वाचनालयात बसून. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याच टेबलावर येऊन बसायला लागला. माझा मुद्दा त्याने त्यांच्या चर्चेत मांडला होता आणि तिथे जगभरचे लोक येऊन भांडत होते. एक म्हणे, आवाज थांबला तर लोकांना वाटेल यंत्र बिघडलं. दुसरा म्हणे, आहे ते बरंय. तिसरा स्वतःचंच जुनं रडगाणं लावून बसलेला. आणि हा महाशय प्रत्येकाला लिहायचा, 'तुमचंही बरोबर आहे.' सगळं नुसतं भिजत घोंगडं. हेडफोन गेले की पडद्यावर दाखवायचा मजकूरही यानेच लिहिलेला — 'ध्वनिनिर्गम साधन विसंलग्न झाले आहे.'

"हे घरात कोण बोलतं?" मी लाल पेन्सिलीने काट मारली. "हेडफोन बंद झाले, असं लिही." रागाच्या भरात 'तुम्ही'चं 'तू' झालं ते माझ्याही लक्षात आलं नाही.

त्याच्या आलं असावं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर माझी लाल पेन्सिल छान टोक काढून ठेवलेली. मग रोजच. त्या टोकाने माझा घात केला. मी त्याच्या प्रेमात पडले.

आणि तो? मूग गिळून गप्प. माझ्या मनात त्याचं नाव मौनीबाबा पडलं. मी आडून सुचवून पाहिलं, दातांच्या डॉक्टरचा दवाखाना मोठा आहे म्हणे. त्यावर हा विचार करून म्हणतो, दातांचे डॉक्टर चांगले असतात. मला त्याला चावावंसं वाटलं.

त्यात आईने कळवलं, शुक्रवारी संध्याकाळी फोन करते. नेहमीसारखी गप्प राहिलीस तर मी हो धरीन आणि त्यांना कळवून टाकीन. आईचंही सगळं आधीपासून ठरवून ठेवलेलं असतं.

शुक्रवारी खालच्या कॅन्टीनमध्ये तो माझ्या लॅपटॉपवर काहीतरी नवीन घालत बसला होता. चहा गार होत होता. शेवटी मीच तोंड फोडलं.

"तू काही बोलत का नाहीस?"

"तूच म्हणाली होतीस ना... खात्री नसेल तर गप्प बसावं."

मी कपाळावर हात मारला. "ते मी यंत्राला म्हणाले होते."

"मग माणसाने काय करायचं?"

"विचारायचं."

त्याने तोंड उघडलं, आणि नेमका लॅपटॉपवर आईचा फोन आला. लॅपटॉप त्याने माझ्याकडे सरकवला. मी हेडफोन लावले. "बोल," आई म्हणाली. "गप्प आहेस, म्हणजे हो धरू?"

मी त्याच्याकडे पाहिलं आणि हेडफोनचं बटण बंद केलं. आईचा आवाज जागच्या जागी थांबला. पडद्यावर माझ्याच शब्दांत उमटलं — 'हेडफोन बंद झाले. आवाज स्पीकरवर चालू ठेवायचा?' खाली हो आणि नाही.

"हे ठरलं?"

"काल मी ठरवून टाकलं," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं, आता वाद पुरे. आधी विचारायचं." त्याचे कान लाल झाले होते. "तर... मी विचारतो. त्या डॉक्टरला नाही म्हणशील? आणि मला..."

पुढचं त्याला जमेना. पण तेवढं पुरलं मला, इतकी मी वैतागलेली आणि इतकी सुखात होते. मी 'हो' दाबलं.

"अगं, ऐकतेयस का?" आईचा आवाज कॅन्टीनभर झाला. "हो धरू का मी?"

"धर," मी म्हणाले. "फक्त मुलगा वेगळा आहे. इथेच बसलाय."

पलीकडे आई गप्प झाली. माझी आई, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. तेवढ्यात मौनीबाबा लॅपटॉपकडे वाकला आणि अगदी अदबीने म्हणाला,

"काकू, नमस्कार. गप्प आहात... म्हणजे हो धरू?"